नायिकेची तीन वर्षे आणि आईची चार दशके : लीला चिटणीस यांच्या चरित्र भूमिकांविषयी

कृष्णधवल (धागाकर्ता)

जुन्या हिंदी चित्रपटांच्या गप्पांत लीला चिटणीस यांचे नाव निघाले, की डोक्यावर पदर घेतलेली, मुलाच्या काळजीने खंगत चाललेली एक आई बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते, आणि चर्चा तेवढ्यावरच संपते. या आईच्या आधी एक नायिका होऊन गेली आणि ती अतिशय लोकप्रिय होती, हे आजच्या प्रेक्षकाला मुद्दाम सांगावे लागते. १९३९चा ‘कंगन’, १९४०चा ‘बंधन’ आणि १९४१चा ‘झूला’ या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत अशोककुमार यांच्यासमोर त्या नायिका होत्या. देविका राणी यांच्यासारखी स्वतः संस्थेच्या चालकांपैकी असलेली नायिका ज्या जागेवर होती, त्या जागेवर बाहेरून आलेली एक मराठी पदवीधर स्त्री उभी राहिली आणि प्रेक्षकांनी तिला स्वीकारले. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्या झळकल्या. तोपर्यंत तिथे परदेशी तारकांचेच चेहरे दिसत असत, भारतीय चित्रतारकेचा त्या जाहिरातीतला तो पहिला चेहरा होता.

या शिखरानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९४८च्या ‘शहीद’मध्ये, त्या दिलीपकुमार यांची आई झाल्या. तिथून पुढे ‘आवारा’ (१९५१), ‘माँ’ (१९५२), ‘नया दौर’ (१९५७), ‘साधना’ (१९५८), ‘काला बाजार’ (१९६०), ‘हम दोनों’ (१९६१), ‘गंगा जमना’ (१९६१), ‘गाइड’ (१९६५) अशी रांग लागते आणि ती थेट १९८०च्या दशकापर्यंत पोहोचते. राज कपूर, दिलीपकुमार आणि देव आनंद या तिन्ही मोठ्या नायकांची आई एकाच अभिनेत्रीने साकारली, ही गोष्ट आपण फार सहजपणे घेतो.

हा धागा काढण्याचे कारण असे, की या दुसऱ्या कालखंडाविषयी जे काही लिहिले जाते त्यात ‘नायिका म्हणून दिवस सरले, म्हणून आईच्या भूमिका स्वीकाराव्या लागल्या’ असा एक हळहळीचा सूर हमखास असतो. मला तो सूर पुरेसा वाटत नाही. नायिका म्हणून त्यांनी जे केले ते त्या काळाच्या चौकटीत उत्तम होते; परंतु त्यातले बरेचसे दुसऱ्या एखाद्या चांगल्या अभिनेत्रीलाही जमले असते. ‘आवारा’तली लीला मात्र दुसऱ्या कुणाला तशी जमली असती असे मला वाटत नाही. या एकाच चित्रपटात त्या आधी न्यायाधीश रघुनाथची तरुण, लाडकी पत्नी आहेत आणि नंतर वस्तीत राहून मुलाला वाढवणारी, थकलेली बाई आहेत. नवऱ्याने संशय घेऊन घराबाहेर काढल्यावरही त्याच्याविषयी मुलाजवळ कडवटपणा न बोलणारी ही आई केवळ रडून उभी करता आली नसती. रघुनाथ झालेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या घनगंभीर आवाजासमोर त्या आपला आवाज मुद्दाम खाली ठेवतात, आणि त्यामुळे प्रेक्षकाचा कल कुणाच्या बाजूने जायचा हे न सांगता ठरून जाते.

सदस्यांनी त्यांच्या चरित्र भूमिकांविषयी, आणि नायकपद किंवा नायिकापद अल्पकाळ भोगून दीर्घकाळ चरित्र भूमिका केलेल्या अन्य कलावंतांविषयीही, अवश्य लिहावे.

तिसरी घंटा

धाग्याचा विषय आवडला. त्यांच्या अभिनयाचा उगम शोधायचा तर बॉम्बे टॉकीजच्याही मागे, मराठी रंगभूमीवर जावे लागेल, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो.

लीला चिटणीस यांचा जन्म १९०९ साली धारवाडचा. वडील इंग्रजीचे प्राध्यापक, घरात शिक्षणाचे वातावरण, आणि त्या काळात मुलीने पदवीपर्यंत शिकणे ही दुर्मीळ गोष्ट. विवाहानंतर आणि पुढे तो विवाह संपल्यानंतर चार मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी शाळेत शिकवले आणि त्याच सुमारास ‘नाट्यमन्वंतर’च्या नाटकांत काम केले. या संस्थेचे महत्त्व इथे नीट लक्षात घ्यायला हवे. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आले तेव्हा बालगंधर्वांच्या परंपरेतले स्त्रीवेषधारी नट, पल्लेदार पदे आणि भव्य पडदे यांची सवय असलेल्या प्रेक्षकांसमोर या मंडळींनी बंदिस्त दिवाणखान्याचा देखावा उभा केला, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, आणि पात्रांना घरात बोलतात तसे बोलायला लावले. केशवराव दाते, पार्श्वनाथ आळतेकर, के. नारायण काळे, ज्योत्स्ना भोळे ही सगळी त्या प्रयोगाशी जोडलेली नावे आहेत.

त्या वातावरणात तयार झालेली अभिनेत्री चित्रपटात आली, तर तिचे बोलणे वेगळे वाटणारच. मास्टर विनायक यांचा ‘छाया’ (१९३६) आणि प्रभातचा ‘वहाँ’ (१९३७) यांत त्या होत्या, आणि ‘वहाँ’चे दिग्दर्शन करणारे के. नारायण काळे हे नाट्यमन्वंतरचेच. सोहराब मोदी यांच्या ‘जेलर’मध्ये (१९३८) त्या होत्या, हेही विसरू नये. म्हणजे ‘कंगन’ येईपर्यंत कोल्हापूर, पुणे आणि मुंबई अशा तीन निराळ्या चित्रशाळांचे पाणी त्यांनी चाखले होते. डोळ्यांनी कसे बोलावे हे आपण लीला चिटणीस यांच्याकडून शिकलो असे अशोककुमार म्हणत, असे नेहमी सांगितले जाते. तसे असेल तर त्याचे श्रेय काही अंशी या रंगभूमीला जाते.

धागाकर्त्याने ‘आवारा’विषयी जे लिहिले आहे, त्याच्याशी हे जोडून पाहावे. आवाज खाली ठेवून समोरच्याचा प्रसंग खेचून नेणे ही नाटकातली, आणि त्यातही दिवाणखान्यातल्या नाटकातली, कमाई आहे.

रोखठोक

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. तरीही धागाकर्त्याच्या मूळ म्हणण्याला माझा आक्षेप आहे. अभिनेत्रीने आईच्या भूमिका उत्तम केल्या, एवढ्यावरून तिला त्या भूमिकांकडे ढकलले गेले या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

एकच वर्ष घेऊ. १९५८ साली ‘साधना’मध्ये लीला चिटणीस सुनील दत्त यांच्या आजारी आईच्या भूमिकेत आहेत. त्याच वर्षी त्यांचे ‘कंगन’चे नायक अशोककुमार ‘हावडा ब्रिज’मध्ये मधुबालाचे नायक आहेत. अशोककुमार यांचा जन्म १९११चा, मधुबालाचा १९३३चा. दोघांच्या वयात बावीस वर्षांचे अंतर असूनही कुणाला त्यात वावगे वाटले नाही. अशोककुमार यांच्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठी असलेली त्यांची जुनी नायिका मात्र तोपर्यंत दहा वर्षे आईच्या भूमिका करत होती.

निरुपा रॉय यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९५५च्या ‘मुनीमजी’त त्या देव आनंद यांच्या आई झाल्या, आणि देव आनंद त्यांच्याहून कितीतरी वर्षांनी मोठे होते. त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. पारितोषिक योग्यच होते. परंतु त्या पारितोषिकाने विशीतल्या अभिनेत्रीवर ‘आई’ हा शिक्का कायमचा बसवला, हेही तितकेच खरे. अशा व्यवस्थेत कुणी उत्तम काम केले, तर त्या कामाचे कौतुक करताना व्यवस्थेचेही नाव घेतले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कृष्णधवल

आकडे निरुत्तर करणारे आहेत आणि त्यातला अन्याय मला अमान्य नाही. माझा मुद्दा इतकाच, की अन्यायाची कथा सांगताना कामाचे वर्णन गळून पडते. अमुक अभिनेत्रीला नाइलाजाने आई व्हावे लागले, हे वाक्य लिहून झाले की ती आई कशी झाली हे पाहायला कुणी थांबत नाही.

शिवाय लीला चिटणीस यांच्या बाबतीत वयाच्या जोडीला आणखी एक कारण होते आणि ते चित्रशाळेच्या अंतर्गत घडामोडींतले आहे. ‘कंगन’चे दिग्दर्शक फ्रांझ ऑस्टेन जर्मन होते, महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केले आणि त्यांची इथली कारकीर्द त्या चित्रपटाबरोबर संपली. १९४० साली संस्थेचे संस्थापक हिमांशु राय वारले. त्यानंतर बॉम्बे टॉकीजमध्ये देविका राणी यांचा एक गट आणि शशधर मुखर्जी यांचा दुसरा गट अशी उघड विभागणी झाली. १९४३ साली शशधर मुखर्जी, अशोककुमार, ‘झूला’चे दिग्दर्शक ग्यान मुखर्जी ही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी फिल्मिस्तान काढले. दरम्यान ‘बसंत’ आणि ‘किस्मत’ या दोन प्रचंड यशस्वी चित्रपटांत मुमताज शांती नायिका झाल्या होत्या. लीला चिटणीस यांनी १९४२ साली ‘किसी से न कहना’ची निर्मिती करून पाहिली, मात्र ज्या चमूने त्यांना तारकापद दिले होते तो चमूच आता एकत्र राहिलेला नव्हता.

युद्धानंतर तर महिन्याचा पगार देऊन कलावंत पदरी बाळगणारी चित्रशाळांची पद्धतच मोडली. चित्रपटागणिक करार करणारे नवे निर्माते आले, त्यांचे पैसे नायकाच्या नावावर उभे राहू लागले, आणि नायक होते पंचविशीतले. या नव्या बाजारात पस्तिशी ओलांडलेल्या नायिकेला नायकाची जोडीदार म्हणून जागा नव्हती. ज्या फिल्मिस्तानने त्यांची जुनी जोडी नेली, त्याच फिल्मिस्तानच्या ‘शहीद’मध्ये त्या आई म्हणून आल्या. पुढे बिमल रॉय मुंबईत येऊन ‘माँ’ करू लागले तो चित्रपटही बॉम्बे टॉकीजचाच होता. ज्या संस्थेत दहा-बारा वर्षांपूर्वी त्या नायिका होत्या, तिथेच आता शीर्षक भूमिकेत परतल्या आणि त्यांचा मुलगा झाले भारत भूषण.

चंदेरी

धागाकर्त्याने अन्य कलावंतांचाही उल्लेख करायला सांगितले आहे, म्हणून ललिता पवार यांच्याविषयी लिहिते. दोघींची तुलना वारंवार केली जाते आणि ती बहुधा वरवरचीच असते.

ललिता पवार मूकपटांपासून नायिका होत्या. १९४२ साली ‘जंग-ए-आज़ादी’च्या चित्रीकरणात भगवान यांनी मारलेली थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या एका बाजूला इजा झाली, दीर्घकाळ उपचार घ्यावे लागले आणि डाव्या डोळ्यातला दोष कायम राहिला. नायिकापद एका क्षणात गेले. परंतु त्या डोळ्याचाच उपयोग करून त्यांनी खाष्ट सासूची जी परंपरा निर्माण केली, ती ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरेपर्यंत चालली. ‘अनाड़ी’तल्या (१९५९) मिसेस डीसा करताना मात्र त्यांनी त्याच चेहऱ्यातून माया काढून दाखवली.

इथे फरक असा दिसतो, की ललिता पवार यांना स्वतःचा नवा ठसा घडवता आला, कारण खलभूमिकेला कथेत सूत्रे हलवण्याची ताकद असते. लीला चिटणीस यांच्या वाट्याला आलेली आई सहसा काही करत नाही; तिच्यावर गोष्टी ओढवतात. ‘गंगा जमना’त गोविंदीवर चोरीचा आळ येतो आणि त्या धक्क्याने ती मरते, एवढीच तिची कथा. अशा भूमिकेत ठसा उमटवणे अधिक अवघड असते, असे माझे मत आहे. धारवाडला जन्मलेली मराठी अभिनेत्री तिथे पूरबी वळणाची बोली बोलते आहे, याकडेही कधी लक्ष जात नाही.

दोघींमधला फरक एकाच चित्रपटात पाहायचा असेल तर ‘हम दोनों’ पाहावा. कॅप्टन आनंदची आई लीला चिटणीस आहेत आणि मेजर वर्माची आई ललिता पवार. दोन्ही मुलगे देव आनंदच! एकाच चेहऱ्याच्या दोन मुलांच्या दोन आया, आणि दोघीही मराठी बोलपटांच्या जडणघडणीत वाढलेल्या. शिवाय याच चित्रपटात गजानन जागीरदारही आहेत. ललिता पवार यांना इथे खाष्टपणा अजिबात करायचा नसल्यामुळे दोन्ही मातांचे वात्सल्य शेजारी ठेवून पाहता येते. ललिता पवार हातवाऱ्यांनी आणि चालण्याने पात्र उभे करतात. लीला चिटणीस जवळजवळ सगळे काम चेहऱ्यावर सोपवतात.

जुनेजाणते

पुरुष कलावंतांची नावे अजून आली नाहीत. मोतीलाल तीस-चाळीसच्या दशकांतले देखणे नायक. पुढे ‘देवदास’मधल्या (१९५५) चुन्नीबाबूसाठी आणि ‘परख’साठी (१९६०) त्यांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. प्रेमनाथ ‘बादल’ आणि ‘आन’च्या काळात पहिल्या फळीतले होते, मधल्या ओहोटीनंतर ‘जॉनी मेरा नाम’पासून (१९७०) खलनायक आणि मग ‘बॉबी’तला जॅक ब्रॅगांझा अशी त्यांची दुसरी खेळी मला पहिलीपेक्षा रंगतदार वाटते. दोघांनाही मद्यपी मित्र, खलनायक, विक्षिप्त बाप अशा नाना तऱ्हेच्या भूमिका मिळाल्या. अभिनेत्रीपुढे आई, सासू आणि विधवा आत्या याखेरीज फारसे पर्याय नव्हते. ‘रोखठोक’ यांच्या मुद्द्याला हा पुरवणी पुरावा समजावा.

तिसरी घंटा

‘गाइड’विषयी कुणीच सविस्तर लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. मला त्यांची ती भूमिका सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ‘चंदेरी’ यांनी म्हटलेली, काहीच न करणारी आई इथे नाही.

राजू रोझीला घरी आणतो. ती दुसऱ्याची पत्नी आहे, शिवाय देवदासीची मुलगी आहे. आईला सुरुवातीला तिची दया येते, ती तिला आसरा देते. मग गावात बोलबाला होतो, राजूचे मामा येऊन ठाण मांडतात, आणि अखेर आईच घर सोडून भावाबरोबर निघून जाते. रूढ चित्रपटात अशी आई एक तर सूनबाईला पदरात घेते नाही तर शाप देते. लीला चिटणीस या दोन्ही टोकांना जात नाहीत. रोझीविषयी त्यांना खरी आपुलकी आहे आणि तरीही तिला स्वीकारणे आपल्याच्याने होणार नाही हे त्यांना कळते; या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवण्यासाठी त्यांच्याजवळ संवाद फार थोडे आहेत. त्यामुळे प्रेक्षकाला आईचा राग येत नाही आणि राजूची बाजूही सोडवत नाही. दिग्दर्शक विजय आनंद यांनी पुढचा सारा गुंता ज्या पायावर रचला आहे, त्याचा हा एक महत्त्वाचा दगड आहे.

जाता जाता एक नोंद. राजूच्या मामाच्या भूमिकेत उल्हास आहेत, आणि ते प्रभातच्या ‘वहाँ’तही लीला चिटणीस यांच्याबरोबर होते. ‘शहीद’मध्ये दिलीपकुमार यांचे वडील झालेले चंद्रमोहन हेही ‘वहाँ’तलेच. १९३७च्या एका चित्रपटातली मंडळी पुढे अशी आई, बाप आणि मामा होऊन पुन्हा भेटत राहिली.

चंदेरी

गाण्यांचा एक धागाही यात आहे. ‘बंधन’ आणि ‘झूला’च्या काळात नायक-नायिकांना स्वतः गावे लागे आणि लीला चिटणीस गायल्याही आहेत; सरस्वती देवींच्या त्या चालींत त्यांचा साधा, अलंकार नसलेला आवाज ऐकायला मिळतो. पार्श्वगायन रुळल्यावर ती गरज संपली. ‘काला बाजार’मध्ये ‘न मैं धन चाहूँ’ हे भजन त्यांच्यावर आणि नंदा यांच्यावर चित्रित झाले आहे, आवाज गीता दत्त आणि सुधा मल्होत्रा यांचे. मुलाच्या काळ्या पैशांवर चालणाऱ्या घरात आई ‘धन नको’ म्हणून गाते आहे, हा उपरोध शैलेंद्र यांनी शब्दांत ठेवलाच आहे. पण तो कळण्यासाठी आईचा चेहरा पूर्णपणे निःशंक दिसला पाहिजे. आपण उपरोधाचा भाग आहोत याची किंचितशी जाणीव जरी चेहऱ्यावर दिसली असती तरी प्रसंग फसला असता. ती जाणीव कुठेही दिसत नाही.

रोखठोक

‘गाइड’चे विवेचन पटले. ‘काम पाहायला कुणी थांबत नाही’ या धागाकर्त्याच्या तक्रारीला मात्र आणखी एक दुजोरा देतो. सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक १९५५ साली सुरू झाले आणि पहिले पारितोषिक उषा किरण यांना ‘बादबान’साठी मिळाले. पुढच्या दहा वर्षांच्या यादीत निरुपा रॉय आहेत, ललिता पवार आहेत, शशिकला आहेत. लीला चिटणीस यांचे नाव त्यात नाही, आणि त्यांच्या बहुतेक मोठ्या चरित्र भूमिका याच दहा वर्षांतल्या आहेत.

कृष्णधवल

यादीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, धन्यवाद. त्यांनी कॅमेऱ्यामागेही काम केले होते, तेही इथे नोंदवून ठेवतो. १९५५च्या ‘आज की बात’चे दिग्दर्शन त्यांचे होते, आणि सॉमरसेट मॉम यांच्या एका नाटकाचे रूपांतरही त्यांनी रंगभूमीसाठी केले. दिग्दर्शन करणारी, नाटक लिहिणारी ही स्त्री त्याच काळात दुसऱ्यांच्या चित्रपटांत एकामागून एक आया साकारत होती. १९८१ साली त्यांचे ‘चंदेरी दुनियेत’ हे आत्मचरित्र आले; पुढे त्या मुलांकडे अमेरिकेत गेल्या आणि २००३ साली कनेक्टिकटमधल्या डॅनबरी इथे त्यांचे निधन झाले.

ज्यांना हे चित्रपट पाहायचे आहेत त्यांनी ‘बंधन’ किंवा ‘झूला’ आधी पाहावा आणि लगेच ‘आवारा’ लावावा. मध्ये अन्य काही पाहू नये. ‘आवारा’च्या पूर्वार्धातल्या तरुण पत्नीत ‘बंधन’ची नायिका ओळखू येते, आणि ती कुठे संपते व आई कुठे सुरू होते हे प्रत्येकाने आपापले ठरवावे. कुणाला तो प्रसंग नेमका सापडला तर इथे जरूर कळवावे. माझ्या मते तो घराबाहेर काढले जाण्याच्या प्रसंगाच्याही बराच आधी, रघुनाथच्या पहिल्या संशयी प्रश्नाला त्या उत्तर देतात तिथे आहे.